लिंबाखालची जागा

रविवारची दुपार कलली की नवनाथच्या घरात भांडण ठरलेलं. भांडणाचा विषयही ठरलेला. बागेत जायचं की नाही!

बीडच्या त्या मोठ्या बागेत शिरायला तिकीट नाही, हे शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. झाडं फुकट, सावली फुकट, हिरवळ फुकट. तरीही सरकारी कार्यालयात कारकून असलेला नवनाथ महिना संपत आला की बागेचं नाव काढू देत नसे. बाग म्हटली की भेळ आली, आइस्क्रीम आलं, हवा भरलेल्या घसरगुंडीवर उड्या आल्या. काही न घेता बागेत बसायचं म्हणजे त्याला चोरी केल्यासारखं वाटे. आता तुम्हीच सांगा, हा कायदा केला कुणी? पण तुमच्या-माझ्या घरातही हेच चालतं, म्हणून ही गोष्ट सांगायची.

त्या रविवारी मात्र टाळाटाळीला जागा नव्हती. त्याची आई चतुराबाई डॉक्टरांना गुडघे दाखवायला गावाकडून, चकलांब्याहून आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत निघणार होती. आल्यापासून तिचं एकच मागणं होतं. "तुमची ती मोठी बाग दावा एकदा. नातीसंगं जरा झाडाखाली बसते."

नवनाथच्या बायकोने, पंचशीलाने, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फडक्यात बांधला. ते बघून नवनाथचा पारा चढला.

"हे कावून घेतलंस? बागेत काय खुरपायला चाललोत? हापिसातलं कुणी बघितलं तर?"

"भूक लागली तर खायला घेतलं. त्यात लाजायचं काय?"

"तुला न्हाई कळायचं!" म्हणत त्याने फडकं उचलून ओट्यावर ठेवलं. पंचशीलाने ते उचलून पिशवीत घातलं.

"पप्पा, मी कायबी मागणार न्हाई. खरंच," लहानगी अंजली मध्येच म्हणाली. बागेत नेण्यासाठी पोरीला असं कबूल करावं लागतं, याचं घरात कुणालाच काही वाटलं नाही. इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

बागेत माणसांची ही गर्दी! मधोमध मोठ्या कडुलिंबांची रांग होती आणि त्यांच्या सावलीत कुण्या ठेकेदाराने खुर्च्या-टेबलं मांडून ठेवली होती. प्लेट घ्या आणि सावलीत बसा, नाहीतर उन्हात उभे राहा. एवढी शिकलेली माणसं, पण कुणी ब्र काढत नव्हतं. नवनाथच्या कार्यालयातले हेडक्लार्क सुंदरराव तिथेच पावभाजीसमोर कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्यांनी हात वर केला, तसा नवनाथने भाकरीची पिशवी पाठीमागे लपवली.

चतुराबाईला मात्र रांगेतला शेवटचा लिंब दिसला. त्याच्याखाली खुर्ची नव्हती, नुसतं गवत होतं. खोडाला धरून ती हळूहळू टेकली. "लई गार हाय गं हितं," म्हणत तिने अंजलीला जवळ ओढलं. म्हातारीच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं.

तेवढ्यात खांद्यावर फडकं टाकलेला रामप्रसाद आला. तो त्या ठेकेदाराचा नोकर.

"आजी, काय घेणार? काय न्हाई? मग उठा. ही जागा गिऱ्हाइकाची हाय."

आणि चतुराबाई उठली! जिला एसटीची पायरी चढताना दोघांचा आधार लागतो, ती बाई जमिनीवर तळवा टेकून, ओठ दाबून, घाईघाईने उठली. "उठते रे बाबा. चुकलं. म्हाईत न्हवतं."

नवनाथच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने झटकन पाकीट काढलं. "माय, तू उठू नको. ए, भेळ आण बे सगळ्यांना! आण लवकर!"

पंचशीलाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा. कशाचे पैसे द्यायलात?"

"भेळीचे. आन् कशाचे?"

"भेळीचे न्हाई. मायच्या बसायचे द्यायलात. भेळ खायची तर हौसेनं खाऊ. बसू द्यावं म्हणून कावून खायची? आज खिशात हायेत म्हणून माय बसंल. पुढच्या बारीला नसले तर उठंल. मंजी ही जागा आपली न्हाईच, असं तुमीच कबूल करायलात!"

"हळू बोल. सुंदरराव बघायलेत."

"बघू द्या!"

अंजलीला यातलं काही कळेना. "आजी, तू कावून उठलीस? बाग सगळ्यांची असती, शाळेत बाईंनी सांगितलंय."

"सवय हाय बाळा," चतुराबाई म्हणाली. "माझा बाप गावात पारावर टेकला की त्याला उठवायचे. त्याच्यासंगं मी बी उठायची. तवा जात बघून उठवत व्हते." तिने त्या खुर्च्यांकडे पाहिलं. "आता खिसा बघायलेत."

पाकिटातून पैसे काढणारा नवनाथचा हात थांबला. आजवर त्याला वाटत होतं, आपण ऐटीसाठी खर्च करतो. छे! आपल्या माणसांना कुणी 'उठा' म्हणू नये, म्हणून तो दर वेळी धडपडत होता. प्रत्येक प्लेट त्याने त्या भीतीपायी विकत घेतली होती. आणि एवढं करून काय मिळवलं? त्याच्या डोळ्यांदेखत त्याची माय उठून उभी राहिली होती!

त्याने पाकीट खिशात घातलं. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता आधी स्वतः गवतावर बसला.

"माय, बस."

मग तो रामप्रसादला म्हणाला, "भाऊ, तुझ्यावर राग न्हाई. खुर्च्या तुझ्या मालकाच्या, तिथं गिऱ्हाईक बसव. पण हा लिंब त्याचा न्हाई. ह्यो सगळ्या गावाचा हाय, तुझा बी हाय. आमी उठणार न्हाई."

"मालक मला बोलंल साहेब."

"त्याला हिकडं पाठव. आमी हितंच हावत."

रामप्रसाद घुटमळला आणि निघून गेला. पंचशीलाने फडकं सोडलं. समोरून सुंदरराव येताना दिसले, तसा नवनाथचा हात फडक्याकडे गेला. पण या खेपेला त्याने भाकरी झाकली नाही.

सुंदरराव म्हणाले, "चटणी कशाची हाय ओ? दर रविवारी ते तेलकट खाऊन जीव विटला. पण काही न घेता सावलीत बसायची लाज वाटती बघा." आणि ते सरळ मांडी घालून बसले. पंचशीलाने त्यांच्या हातावर चतकोर भाकरी ठेवली. ते पाहून उन्हात उभं असलेलं एक कुटुंब दबकत सावलीत आलं. मागोमाग आणखी एक आलं.

नागरिकहो, खुशाल भेळ खा, पोरांना आइस्क्रीम द्या. पण सार्वजनिक जागेत बसण्यासाठी खिसा दाखवू नका. आपला हक्क आपणच विकत घ्यायला लागलो, की ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याला उठवण्यात आपलाही हात असतो. बाग आपली आहे. तिथे नुसतं बसणं हा काही गुन्हा नाही!

ऊन उतरलं, तरी रामप्रसादचा मालक काही फिरकला नाही. चतुराबाईने दुखरे पाय गवतावर ऐसपैस पसरले होते. मांडीवर पेंगुळलेल्या अंजलीने विचारलं, "आजी, आता उठायचं का?"

"बस गं जरा," चतुराबाई म्हणाली. "उठू. आपल्या मनानं उठू."