बॉम्ब म्हणून छापलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे, मित्रांनो. कल्हई उडालेला, झाकणाला पोचा पडलेला. माझ्या पोटात भाकर आणि वालाच्या कालवणाखेरीज कधी काही नव्हते. तरी एके दिवशी वर्तमानपत्रात माझे चित्र आले आणि खाली छापले होते, 'हाच तो बॉम्ब!'

चिखलोलीच्या जिजाने मला माहेराहून आणले. तिचा नवरा बारकू भातकापणी झाली की गवंड्याच्या हाताखाली जाई. लष्कराच्या रिकाम्या बराकींत तेव्हा सिंधी निर्वासित राहत. त्या वस्तीला नुकतेच उल्हासनगर हे नाव मिळाले होते आणि तिथे दुकाने उठत होती. बारकू तिथेच विटा वाही आणि दुपारच्या भाकरीसाठी मला सोबत नेई.

निर्वासितांनी घाबरून निघून जावे, म्हणून काही माथेफिरूंनी भर बाजारात बॉम्ब टाकला. कानठळ्या बसल्या. धुरात काही दिसेना. कापडवाल्या टेकचंदची मुलगी रक्तात पडली होती. बारकूने तिला खांद्यावर टाकले आणि दवाखान्याकडे धाव घेतली. मी अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर तसाच राहिलो.

पोलिसांनी मला न फुटलेला बॉम्ब समजून माझ्याभोवती वाळूची पोती रचली. एका बातमीदाराने लांबूनच माझा फोटो काढला, डबा कुणाचा ते विचारून घेतले आणि तो निघूनही गेला. नंतर मला उघडले, तेव्हा आत भाकर निघाली. पण तोवर छपाई सुरू झाली होती. सकाळच्या अंकात मी होतो आणि 'रक्ताळलेल्या कपड्यांनिशी पळालेला चिखलोलीचा बारकू'ही होता. त्याच दिवशी त्याला धरून नेले.

टेकचंद दवाखान्यातून धावत चौकीवर आला. "इसने मेरी बच्ची को बचाया, साहब! इसे क्यों मारते हो?" तो रडत होता. बारकू सुटला. पण त्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही.

गाव मात्र वर्तमानपत्र वाचून बसले होते. विहिरीवर जिजा आली की बायका कळश्या उचलून बाजूला होत. बारकू काम मागायला गेला की बांधकामावरचा मुकादम लांबूनच म्हणे, "नको रे बाबा, उद्या माझंही नाव छापतील."

शेवटी जिजा मला घेऊन त्या वर्तमानपत्राचे संपादक विष्णुपंत यांच्याकडे गेली. झाकण काढून तिने मला टेबलावर ठेवले.

"बघा साहेब, यात भाकर व्हती. माझ्या मालकाचा काय बी गुन्हा नाय. तेवढं छापा."

विष्णुपंत कागदावरून नजर न काढता म्हणाले, "बाई, खरे लोक पकडले गेले, ते छापलंय. हा सुटला, हे आता कोण वाचणार?"

"माझ्या गावातली वाचतील. आधीचं त्यांनीच वाचलंय."

त्यांनी शिपायाला हाक मारली. जिजाने मला पदराखाली घेतले आणि ती जिना उतरली. रस्त्यावर येईपर्यंत तिने हुंदका दाबून धरला होता.

छापले काहीच नाही. दोघे गाव सोडून वांगणीच्या डोंगरात लाकडे तोडायला गेली. बारकू आता मला हात लावत नाही. भाकर फडक्यात बांधून नेतो. वाटेत कोणी नुसते वळून पाहिले, तरी तो आपणहून थांबतो, वाकड्या हाताने गाठ सोडतो आणि भाकर उलटीपालटी करून दाखवतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन बातम्या लिहाल, वाचाल. कुणाला गुन्हेगार म्हणण्याआधी एवढेच करा, झाकण उघडून पाहा.