ओझेबाबा आणि चढावरची व्हॅन

व्हॅनभोवती ही गर्दी! दुकानदार, हमाल, दवाखान्यातून औषधं घेऊन निघालेले पेशंट, सगळे माना उंचावून बघत होते. चढाच्या पायथ्याशी माझ्या भावजयीची छोटी प्रवासी व्हॅन उभी होती आणि तिच्या दाराशी ओझेबाबा डोळे मिटून पुटपुटत होते. मेलेल्या माणसांचं ओझं उतरवतात, म्हणून हे नाव.

"गाडीला ओढ नाही, कारण मालक अजून मागे बसलाय!" बाबा गरजले. "बाई, तू त्याला धरून ठेवलंस, म्हणून तो उतरत नाही!"

या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली. बाबांच्या चेल्याने सीट उचलली, अंगावरची शाल आडवी धरली, मंतरलेलं पाणी शिंपडलं. भावजयीने गिअर टाकला आणि इतके दिवस धापा टाकणारी व्हॅन भुर्रकन चढ चढून गेली. टाळ्या पडल्या. एक म्हातारे गृहस्थ तर रडलेच.

माझा भाऊ गेल्यापासून ही व्हॅन तीच चालवायची. टेकडीवरच्या दवाखान्यात नर्सना, पेशंटना सोडायचं, संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं. मूलबाळ नाही. मागची खिडकीजवळची जागा ती कुणालाच देत नसे.

थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा मंदावली. चेला आधीपासूनच रोज सकाळी गाडी धुवायला यायचा, सेवा म्हणून! त्याच्याच हाती बाबांचा निरोप आला: गाडी मठाला देऊन टाक, तरच तो सुटेल. आणि गॅरेजचं नाव काढू नकोस, पाना लागला की आत्मा चिडतो. आत्म्याला पान्याचं वावडं असतं, हे मला नव्यानेच कळलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे गेले.

"देऊन टाकते, वन्सं," ती म्हणाली. "पण मग बोलू कुणाशी? चढावर गाडी रेंगाळली की मी त्यांच्याशी बोलते. नळ गळतोय, शेजारचे घर सोडून गेले, असलंच काहीबाही. दिवसभरात तेवढंच बोलणं होतं."

मी म्हटलं, "द्यायच्या आधी एकदा बघू तरी."

सपाटीवर गाडी न्यूट्रलला टाकून दोघींनी ढकलली. सहज सरकली. म्हणजे ब्रेक अडकून बसलेले नव्हते आणि कुणाचं ओझंही नव्हतं. मग उभ्या गाडीतच तिला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितला. इंजिन नुसतं कुंथलं.

"उभ्या गाडीला कसलं गं ओझं? हिला श्वास मिळत नाहीये."

इंजिन बंद करून सीट उचलली. हवा आत घेणाऱ्या रबरी नळीत बोट घातलं, तर चिंधी! ओढली तर हातभर निघाली. चेल्याच्या शालीचंच कापड, तीच किनार.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला या, असा निरोप देऊन बाबांना आणि चेल्याला बोलावलं. त्याच चढाखाली, सगळ्यांदेखत, मी चिंधी कोंबली. गाडी धापा टाकू लागली. काढली, गाडी पळाली. ना मंत्र, ना पाणी.

"नास्तिकाला असंच दिसतं!" बाबा ओरडले.

"अहो, आम्हालाही तसंच दिसतंय की!" एक हमाल म्हणाला आणि हशा पिकला. चेल्याने शाल गुंडाळून काखेत मारली. बाबा तर बघता बघता गायब झाले.

गर्दी पांगली. भावजय स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होती.

"म्हणजे मागे कुणीच नव्हतं?"

"नव्हतं गं."

मग ती रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

गेलेल्या माणसाची आठवण येणं ही अंधश्रद्धा नव्हे. पण त्या आठवणीच्या आडून कुणी हात पसरला, तर पुरावा मागा. गाडी अडली तर सीट उचलून बघा. आणि ओळखीत कुणी एकटं राहत असेल, तर एखादा बाबा पोचायच्या आधी तुम्ही जाऊन बसा.