आत्यासह सिग्नल

टेबलावर एक मायक्रोकंट्रोलर, एक एफएम मॉड्यूल, सात वायरी आणि बाबांचा उघडा रेडिओ होता. त्याचा स्पीकर मी काढून घेतला होता. सातच्या बातम्या ऐकू आल्या नाहीत, तर घरातल्या कुठल्याही यंत्राला मी पुन्हा हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलं होतं.

"चालता रेडिओ मोडून रेडिओ बनवतेय," आत्या म्हणाली. "याला म्हणतात उच्चशिक्षण."

सातला नुसती खरखर आली. लोंबणारी अँटेनाची वायर आत्याने सहज उचलून धरली आणि बातम्या स्वच्छ लागल्या. तिने सोडली की पुन्हा खरखर.

"आत्या, हलू नकोस."

"अगं, गॅसवर दूध आहे."

"जाऊ दे उतू," बाबा म्हणाले. "हवामान सांगतायत."

मी वहीत लिहिलं: आत्यासह सिग्नल शंभरपैकी अडुसष्ट, आत्याविना अकरा.