बॉनेट गार होईपर्यंत

तुमचे कपडे इस्त्री होऊन बाहेर येईपर्यंत सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या व्याह्यांचा बसला नाही, आणि ते तर टूथपेस्टच्या जाहिरातीवरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवणारे गृहस्थ.

बाहेर ती पांढरी व्हॅन उभी आहे ना, आमच्या लॉन्ड्रीची? तिचं बॉनेट मी एका दुपारी नुसत्या रागाने तापवलं होतं. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि वर चहा उकळला. हसा, हसून घ्या. घडी मोडलेल्या शर्टातल्या माणसाने हसावं एवढी मोकळीक आमच्या दुकानात आहे.

तर झालं असं. दुकान माझ्या लेकीचं. मी नुसता गल्ल्याशेजारी शोभेला. तुमच्या-आमच्या पँटीशर्टांवर दुकान चालत नाही, चालतं ते हॉस्पिटलच्या चादरींवर. सकाळी मळक्या आणायच्या, दुसऱ्या दिवशी धुऊन, वाफवून, कडक घड्या घालून पोचवायच्या. आमच्या जुन्या गाडीने एक दिवस चढावर मान टाकली ती टाकलीच. मग लेकीने भाड्याचा उघडा टेम्पो केला. वर ताडपत्री बांधली, पण ताडपत्री ती, वारा आला की उडणारच. धुतलेल्या चादरींवर रस्त्याची धूळ बसली आणि ती नेमकी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंच्या बोटाला लागली.

"सोमवारी बंद गाडी घेऊन ये," बाई म्हणाल्या. "नसेल तर येऊच नकोस. दुसरा लॉन्ड्रीवाला रोज दारात येऊन उभा राहतो."

हॉस्पिटल गेलं की बॉयलर गेला, दाबयंत्र गेलं, मागे चादरी झटकणाऱ्या दोघी बायका गेल्या, दुकानावरची पाटी गेली. माझी लेक रडली नाही. ती रडत नाही, इस्त्री करते. त्या दिवशी तिने घातलेल्या घडीवर तुमचं बोट कापलं असतं.

मग गाडी बघायला निघालो. आणि तिथेच आमची चूक झाली. लेक सरळ वळणाची, तिने जाण्याआधी फोन केला. "आम्ही दुपारी येतोय, चालेल ना?" अहो, जुन्या गाड्या विकणाऱ्याला वेळ सांगून जाणं म्हणजे चोराला किल्ली कुठे ठेवली ते सांगून गावाला जाणं! का ते ऐका. जुनं डिझेल इंजिन एकदा तापलं की शहाण्यासारखं चालतं. त्याची खोड कळते ती गार असताना. गरम इंजिन म्हणजे लग्नातला नवरदेव आणि गार इंजिन म्हणजे दहा वर्षांनंतरचा नवरा. पारख करायची तर त्या नवऱ्याची करावी. पण गिऱ्हाईक येणार हे कळलं की हे लोक गाडी आधीच चालू करून, दोन चकरा मारून, नवरदेव करून ठेवतात.

हमरस्त्याला पत्र्याचं कुंपण, आत गाड्या तोंडं रस्त्याकडे करून ओळीने उभ्या. काचांवर पांढऱ्या रंगात 'एकच मालक', 'बघाल तर घ्याल'. टायरांना काळं पॉलिश. म्हाताऱ्याने मिशीला कलप लावून फोटोला उभं राहावं, तसल्या. कोपऱ्यात केबिन, तिच्यात पंखा आणि दोन गुबगुबीत खुर्च्या. मालक बाहेर आला. त्याच्या तोंडात इतका गोडवा, की त्याच्याशी बोलून घरी गेलं की दात घासावेत. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, गोडबोल्या.

"या काका, या!" लेकीकडे त्याने बघितलंही नाही.

"फोन मी केला होता," लेक म्हणाली.

"हो हो काका, ताईंचा फोन आला होता," तो मलाच म्हणाला. "ताई, तुम्ही आत पंख्याखाली बसा, चहा सांगतो. गाडीचं काका आणि मी बघतो."

लेक गेली आत. ऊनही तसंच होतं. मी उन्हात.

"ही बघा. डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारी बाहेर काढायचे."

"डॉक्टरला एवढी मोठी व्हॅन कशाला?"

"कुटुंब मोठं होतं, काका."

मी बॉनेटवर हात ठेवला. तवा!

"ही गरम कशी?"

"ऊन केवढं आहे, काका."

"शेजारची तापलेली नाही ती?"

"तिचा रंग वेगळा ना."

शेजारचीही पांढरीच होती. मागे मिस्त्री हात पुसत उभा होता, तो एकदम जमिनीवर काहीतरी शोधायला लागला.

तिथे माझं डोकं फिरलं. राग गाडीचा नव्हता. खोटं बोलण्याचाही नव्हता. खोट्याशी माझं वैर नाही, उलट घरोबा आहे. राग याचा, की पैसे तिचे, धंदा तिचा, सोमवार तिच्या डोक्यावर टांगलेला, कोपरापर्यंत हात वाफेने पोळलेले, आणि हा तिला पंख्याखाली बसवतो! जशी ती कोणाबरोबर तरी वेळ घालवायला आली होती. मी किल्ली उपसली, खिशात टाकली आणि चढलो बॉनेटवर.

काय म्हणालात? या गुडघ्यांनी? त्या दिवशी गुडघे वेगळे होते.

"गार झाली की चालू करून दाखवा," मी म्हटलं. "तोवर मी इथून हलत नाही."

"काका, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"येऊ दे. त्याच्यासाठी सरकून जागा करतो."

बसलो. सावली या टायरावरून त्या टायरावर गेली. खाली हात लावून बघतो तर बॉनेट गरमच. आणखी बसलो. आणखी गरम! आधी मला वाटलं, यांनी काही चलाखी केली. मग उमगलं. इंजिन कधीच थंड झालं होतं, पत्रा तापत होता तो माझ्या रागाने. मी जितका चिडत होतो, तितका तो तापत होता, आणि जितका तो तापत होता, तितका मी चिडत होतो.

गोडबोल्या काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याच्याही ते ध्यानात आलं. म्हातारा शांत झाला की गाडी गार होणार, आणि गार झाली की पितळ उघडं पडणार. मग बेट्याने मला शांत होऊच दिलं नाही. दर थोड्या वेळाने केबिनीतून यायचा, एक वाक्य टाकायचा आणि जायचा.

"काका, ताईंचे मिस्टर नाही आले? घरात गाडीतलं कळणारं कोणी पुरुषमाणूस नाही का?"

बॉनेट चर्र!

"एकदा टोकन देऊन टाका. बायकांना घासाघीस केल्याशिवाय चैन पडत नाही, पण आपण समजून घ्यायचं."

मिस्त्रीने त्याच्या चहाचा पेला माझ्या बाजूला टेकवला होता. तो उकळून उतू गेला. मिस्त्री पेल्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, परत पेल्याकडे. "साहेब," तो मालकाला म्हणाला, "बास करा. टाकीत डिझेल आहे."

पण गोडबोल्याला चेव चढला होता. पंख्याचा वारा खाऊन आला आणि दात काढून म्हणाला, "खरं सांगू का काका? लोकांचे कपडे धुऊन आलेल्या पैशात एवढंच येतं. जमत नसेल तर हातगाडी बघा. तिला इंजिनच नसतं, तक्रारच नको!"

आणि खो खो हसला.

त्या हसण्यावर बॉनेटचा रंग फुगला. पापड फुगतो तसा! फोड आले, फुटले, पापुद्रे सुटले. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली मातकट, आणि मातकटाखालून टम्म अक्षरं वर आली: 'बर्फ'. हसू नका! ती गाडी बर्फाच्या कारखान्याची होती. डॉक्टर कसला आणि रविवार कसला! जिने वर्षानुवर्षं वितळणाऱ्या लाद्या वाहिल्या, तिच्या तळाचं काय झालं असणार? मी मिस्त्रीला म्हटलं, "मागची सतरंजी उचल." त्याने मालकाकडे बघितलं. मी म्हटलं, "उचलतोस की मी आणखी चिडू?" त्याने झटकन उचलली. खाली पत्रा नव्हताच, गंजाची जाळी होती. खालची जमीन दिसत होती. त्या तळावर हॉस्पिटलची गाठोडी टाकली असती, तर पहिल्याच खड्ड्यात मेट्रनबाईंच्या चादरी रस्त्यावर अंथरल्या गेल्या असत्या.

गोडबोल्याचा गोडवा जरा पातळ झाला. "ठीक आहे," तो म्हणाला, "तळाचं बघू. पण इंजिन चोख आहे, काका. तुम्हाला गार करून बघायचं होतं ना? करा की गार!"

आता आली पंचाईत. रागाने माणसाला तापता येतं, गार कसं व्हायचं? डोळे मिटले आणि थंड गोष्टी आठवायला लागलो. पहिल्यांदा बँकेतल्या साहेबाचं हसू आठवलं. पत्र्याने टिक् टिक् केलं. मग सासुरवाडीचा तिसऱ्या दिवसाचा चहा आठवला. हात ठेवण्याजोगा झाला. मग व्याह्यांनी आम्हा नवराबायकोचं पहिल्यांदा केलेलं स्वागत आठवलं, आणि काय सांगू, बॉनेटवर दव पडलं! माझा लेंगा मागून ओला झाला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे जास्तच गार झालं, असं चालत नाही." मी म्हटलं, "बर्फाचीच गाडी आहे, तिला काय नवीन!"

उतरलो. किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. "मार स्टार्टर."

घर्र... घर्र... घर्र. दम्याचा रोगी जिना चढतो तसा आवाज. मागून काळा धूर, तो थेट केबिनीत. पुन्हा घर्र. मग नुसतं टक्. 'एकच मालक', 'बघाल तर घ्याल' वगैरे सगळ्या गाड्या आपल्याकडे कोणी बघू नये अशा उभ्या.

आता खरा सौदा. हा गोडबोल्या तोंडाने भाव सांगत नाही. कॅल्क्युलेटरवर दाबतो आणि आपल्याकडे वळवतो, जणू आकडा यंत्रानेच ठरवला, याचा काही संबंध नाही. त्याने दाबून वळवला. मी न बघता परत त्याच्याकडे वळवला. त्याने कमी केला. मी पुन्हा वळवला. "काका, यात माझं घर बुडतं." "मग केबिनीत राहा, पंखा आहेच." तो पुन्हा दाबतो, मी पुन्हा वळवतो. शेवटी मीच यंत्र हातात घेतलं, माझा आकडा दाबला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "हा. आणि या आकड्यात नवा तळ, नवा पत्रा, धूर बंद, सकाळी पहिल्या किल्लीला चालू. रविवारी दुकानासमोर हवी. आणि रविवारी आणताना तापवून आणलीस, तर मी परत येऊन तुझ्या केबिनीवर बसेन!"

त्याने केबिनीकडे बघितलं. केबिन पत्र्याची होती.

रविवारी गाडी आली. बॉनेट माझ्या हाताला मडक्यातल्या पाण्यासारखं गार लागलं, आणि पहिल्या किल्लीला सुरू झाली. सोमवारी मेट्रनबाईंनी आत वाकून बघितलं, तळावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाल्या, "घड्या मोजून ठेवा." म्हणजे जमलं.

पण मी तुम्हाला सांगत होतो ते त्या दुपारचं. आकडा कबूल करताना गोडबोल्याने दोन्ही हात जोडले. त्याच्या तोंडचा गोडवा पार आटला होता. मला म्हणाला, "काका, एवढा राग मी जन्मात बघितला नाही."

आतल्या बाजूला इस्त्री दाणकन आपटली. वाफेतून लेक बाहेर आली. हातात तुमचाच शर्ट होता.

"काका नाही, 'ताई' म्हणाला तो," ती म्हणाली. "खोटं सांगू नका, बाबा. बॉनेटवर मी बसले होते. तुम्ही आत त्याच्या पंख्याखाली चहा पीत होता."