झिबुयिलेच्या रक्तातला जुना सैनिक

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. दूर परदेशातल्या नोंगोमा गावाच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या झिबुयिलेच्या शरीरात माझा जन्म झाला. तिकडचे लोक आम्हाला 'अंगातले सैनिक' म्हणतात. खरं तर मी फक्त आरोळी ठोकते, लढणारे दुसरे. झिबुयिलेला लहानपणी कांजिण्या आल्या, तेव्हा त्या विषाणूची ओळख मी पक्की केली. त्याने पुन्हा डोकं वर काढू नये, हे माझं काम.

आमच्या अंगावर एक कडी असते. शत्रूची खबर तिच्या मदतीनेच आम्हाला कळते. एचआयव्ही नावाच्या चोराने नेमकी तीच धरली, शेजारची छोटी कडीही ओढली आणि आत शिरला. आत गेल्यावर तो ती कडीच काढून टाकतो. माझ्या कितीतरी बहिणी अशा मुक्या होऊन मेल्या. उरलेल्या सतत आरोळ्या ठोकून थकल्या. त्यांच्या अंगावर 'आता थांब' म्हणणाऱ्या कड्या उगवल्या. माझ्यात मात्र तो गुपचूप झोपला आणि मीही झोपले. झोपलेली बोलते कशी, असं विचारू नका. म्हातारी माणसं झोपेत बडबडतातच.

दवाखान्यातून एचआयव्हीवरच्या गोळ्या सुरू झाल्या, चोरांची पैदास थांबली. झिबुयिलेला मुलगी झाली. एकदा दवाखान्यात रक्तातल्या आम्हा पेशींची मोजणी पाहून सिस्टर शेझी म्हणाल्या, "वा गं, तुझे सैनिक भरपूर वाढलेत!"

घरी सासूने हे ऐकलं. "म्हणजे लढाई जिंकलीस की! मग सैनिकांना अजून कसला खुराक? बंद कर त्या गोळ्या."

सासूपुढे मान वर करायची तिथे रीत नाही. शिवाय झिबुयिलेलाही ते पटलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्या मोजणीत माझ्यासारख्याही होत्या, पोटात चोर घेऊन झोपलेल्या.

गोळ्या थांबताच काही जणी जाग्या झाल्या आणि त्यांच्यातून चोरांच्या झुंडी बाहेर पडल्या. काही महिन्यांत झिबुयिलेच्या कमरेला नागीण निघाली. हा तोच कांजिण्यांचा विषाणू. वेळेवर आरोळी ठोकायला कोणी जागं उरलंच नव्हतं.

फोड पाहून सिस्टर शेझींचा आवाज चढला. "गोळ्या सोडल्यास? आणि पोरीला अंगावर पाजतेस?"

"पाजते," झिबुयिले कशीबशी म्हणाली.

"अगं बाई! सैनिक वाढले म्हणजे शत्रू मेला का? तो तुझ्याच घरात दडून बसलाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, सिस्टर?"

दुधातून चोर पोरीत शिरला का, हे पाहायला सिस्टरांनी सुई काढली. मुलीचं रक्त तपासायला गेलं. सिस्टरांचं बोलणं सासूच्या कानी गेलं. निकालाची वाट न पाहता ती स्वतः सुनेच्या हातावर गोळी ठेवू लागली.

मुलगी सुखरूप निघाली. चोर तिच्यात नाही, अजून माझ्यात आहे. म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. झिबुयिलेची गोळी चुकू देऊ नका. मला झोपेतच मरू द्या.