पारूबाईंची उंची

औरंगपुऱ्यातल्या दुकानात वर्षानुवर्षं शिलाई मशीनवर बसून पारूबाई कमरेत वाकून चालू लागल्या होत्या. फिजिओथेरपिस्ट करुणानं त्यांना उताणं झोपवलं आणि एक गुडघा छातीशी धरायला लावला. तशी दुसरी मांडी आपोआप वर उचलली गेली.

“मणक्यापासून मांडीपर्यंत जाणारा स्नायू आखडलाय,” ती म्हणाली. “रोज ताणला तर सैल होईल.”

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचे यजमान साहेबराव ती मांडी हलकेच खाली दाबून धरायचे.

“दुखतंय का गं?”

“थोडं. धरा तसंच.”

थंडी सुरू झाली, तेव्हा एके दिवशी पारूबाई अंगणात ताठ उभ्या राहिल्या. साहेबराव बघतच राहिले.

“माझ्याहून उंच हायेस तू. इसरलोच व्हतो मी.”

“मग बघा की आता नीट,” पारूबाई लाजून म्हणाल्या.