बुद्धी गेलेला वजीर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही वर्गात बसला आहात. बाई शिकवत आहेत, पण त्यांचे शब्द तुम्हाला नुसता आवाज वाटतात. फळ्यावरची अक्षरे म्हणजे नुसत्या रेघा. स्वतःचे नावही आठवत नाही. भीती वाटायला हवी, पण तीही वाटत नाही. जमली कल्पना? मग माझी गोष्ट तुम्हाला कळेल.

मी एक जुना लाकडी वजीर आहे, बुद्धिबळातला. सावंतवाडीच्या एका कारागिराने मला घडवले, लाल लाखेने रंगवले. दत्ताराम आजोबांनी आम्हा सोंगट्यांचा डबा मुंबईत नाहूरला आणला आणि नात अनुपमाला खेळ शिकवला. ते म्हणत, "अनू, सोंगटीवरचं बोट काढलंस काय खेळी पक्की. मगे रडूचा नाय!"

आजोबा गेले. दोन प्यादी हरवली, त्यांच्या जागी शर्टाची बटणे आली. मग डबा माळ्यावर गेला.

१९८६ च्या मे महिन्यात अनुपमाने तो खाली काढला. शेजारच्या चंद्रप्रकाशच्या मामाने बोटीवरून येताना एक परदेशी खेळ आणला होता. एक जाड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे आणि गोष्टीत शिरायचे. साहस जमले की फसले, हे फासा ठरवणार. सोंगट्या त्यात नव्हत्या, म्हणून आमची वर्णी लागली. खेळायला आलेल्या रतनचा योद्धा घोडा झाला, चंपाचा पहारेकरी हत्ती झाला आणि अनुपमाचा जादूगार मी. चंद्रप्रकाश पुस्तक वाचून गोष्ट सांगे.

मुलांचा एक कडक नियम होता. सोंगटीला जे जमत नाही, ते खेळणाऱ्यानेही करायचे नाही. हत्ती पाण्यात पडला, तेव्हा चंपा गाल फुगवून श्वास रोखून बसली होती.

माझी बुद्धी कागदावर अठरा, म्हणजे सगळ्यांत जास्त, लिहिली होती. कोडी मी सोडवायचो, वाट मी दाखवायचो. रतन म्हणायचा, "अनूचा वजीर आहे ना, मग घाबरायचं काम नाय!"

एके दुपारी गोष्टीतल्या गुहेत शत्रूच्या मांत्रिकाने माझ्यावर मंत्र टाकला. तो चुकवायला अनुपमाने फासा फेकला. वीसपैकी तीनच पडले.

चंद्रप्रकाशने खोडरबरने अठरा खोडले आणि एक लिहिला. मग पुस्तकातून वाचून सांगितले, "देह तोच, बुद्धी जनावराची. बोलता येणार नाही, वाचता येणार नाही, मंत्र म्हणता येणार नाही. पण तो आपली माणसं ओळखतो आणि त्यांच्यासाठी उभा राहतो."

शेवटचे वाक्य कोणी ऐकले नाही. रतन हसत सुटला होता. "अनू, हंबर ना गं जरा!"

अनुपमा हंबरली नाही आणि बोललीही नाही. नियमच होता.

मला काय वाटले, विचाराल. काही नाही. पाऊस बाहेर पडतो आणि आपण बंद डब्यात असतो, तसे. आवाज येत होते, माझ्यापर्यंत काही पोचत नव्हते.

"ह्याला इथंच सोडू यार," रतन म्हणाला. "अक्कल नाय, मंत्र नाय. उगाच ओझं."

"अरे, पण तो अनूचा आहे ना?" चंपा म्हणाली.

"मग बोल म्हणावं तिला!"

अनुपमाचे ओठ हलले आणि मिटले. चंपाने मान खाली घातली. रतनने मला गुहेच्या कोपऱ्यात आडवे केले. गोष्ट पुढे निघाली.

मित्रांनो, जो बोलत नाही त्याला काही कळत नाही, असे समजू नका. कोणी सुन्न होऊन बसला, तर त्याला कोपऱ्यात आडवे करू नका. माझे सगळे गेले होते, तरी घोडा कोण आणि हत्ती कोण, एवढे मला ठाऊक होते.

दोनच पावलांवर दगडी राक्षस निघाला. राक्षस म्हणून चंद्रप्रकाशने एक जाडजूड कुलूप ठेवले होते. ते घोड्यापुढे सरकले. रतनकडे एकच प्राण उरला होता.

"वाट लागली," रतन हळूच म्हणाला. "मेलो मी."

चंद्रप्रकाशने फासा हातात घेतला.

तेव्हा अनुपमाने मला कोपऱ्यातून उचलले. फ्रॉकला पुसले. कुलूप आणि घोडा यांच्यामध्ये नेऊन सरळ उभे केले. तिने रतनकडे पाहिले आणि माझ्यावरचे बोट काढून घेतले.